मोरारजीभाईंचे वाढदिवस २४ की २३? लीप वर्षाचा प्रोग्राम बघाल का

दांडियाबाजारच्या_काकू:
निवृत्तीनंतर पायथन शिकतेय. गुरू म्हणजे एम.एस. युनिव्हर्सिटीत शिकणारी नात. तिने गृहपाठ दिला: साल घ्यायचं, लीप आहे का सांगायचं. नुसतं तेवढं बेचव वाटलं, म्हणून माजी पंतप्रधान मोरारजीभाई देसाई घेतले. आमच्या गुजरातचेच, वलसाडजवळच्या भदेलीचे. जन्म २९ फेब्रुवारी १८९६, निधन १० एप्रिल १९९५. जन्मानंतर त्यांना २९ फेब्रुवारी किती वेळा लाभली? प्रोग्राम म्हणतो २४. नात म्हणते २३, आणि कारण विचारलं की नुसती हसते.

माझ्या अटी, याच क्रमाने (इथे शब्द, आकडे मराठीत लिहिलेत; % म्हणजे भागाकाराची बाकी):

इफ साल % ४ == ०: लीप
एलिफ साल % १०० == ०: लीप नाही
एलिफ साल % ४०० == ०: लीप
एल्स: लीप नाही

शंभर-चारशेचा नियम तर घातलाय! शिवाय एक्सेलमध्ये २९/२/१९०० टाकून बघितली, निमूट घेतली. मग १९०० लीपच ना?

अलकापुरीकर:
काकू, नियम तिन्ही बरोबर, क्रम चुकलाय. एलिफची पाळी वरची अट फसली तरच येते. १९०० ला ४ ने भाग जातो, म्हणून ते पहिल्याच ओळीत लीप ठरून सुटतं. १०० च्या ओळीपर्यंत ते पोचतच नाही. खरं तर ती ओळ कुठल्याच सालाला लागू होत नाही, कारण १०० ने भाग जाणाऱ्या प्रत्येकाला ४ ने जातोच. आधी ४००, मग १००, शेवटी ४ असं लावा.

आणि २०२३, २०२४ देऊन समाधान मानू नका. तुमचा आत्ताचा प्रोग्रामही त्यात पास होतो, २००० मध्येसुद्धा. पकडतं ते १९००.

पंचांगवाला:
१९०० लीप नव्हतं. एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने ते लीप धरलं होतं, त्याच्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने मुद्दाम तसंच ठेवलं.

सौर वर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं. दर चौथं वर्ष लीप धरलं की सरासरी ३६५.२५, म्हणजे थोडी जास्त. ती साचत गेली आणि १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी १० दिवस गाळले: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५. तेव्हापासून ४०० वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप.

टॅबवाला:
एवढं कशाला? पायथनच्या कॅलेंडर मॉड्यूलमध्ये लीप साल ओळखणारं इझलीप तयार आहे.

दांडियाबाजारच्या_काकू:
क्रम उलटा केला, २३ आले! म्हणजे मोरारजीभाईंना जन्मानंतरची पहिली २९ फेब्रुवारी १९०४ साली, आठ वर्षांनी. इझलीप गृहपाठात चालत नाही म्हणे, पण पडताळायला वापरलं, यादी जुळली. आता दुसरंच: लूपऐवजी इनपुटने साल घेतलं की % वर एरर येतोय. नवा धागा काढू?

अलकापुरीकर:
नको. इनपुट आकडा देत नाही, अक्षरं देतं. त्यावर % चा अर्थच बदलतो. आधी इंट लावा, ते अक्षरांचा आकडा करतं. मराठी आकड्यांत २०२४ टाइप केलंत तरी इंट ते ओळखतं. प्रोग्रामच्या ओळींत मात्र इंग्रजी आकडेच लागतील.