नव्या डोमेनची पत: नोंदी बिनचूक, तरी मेल स्पॅममध्ये

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (मेल खरोखर त्या डोमेनकडूनच, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाकडूनच, आला हे तपासता यावे म्हणून केलेल्या) बिनचूक असूनही नव्या डोमेनवरचे मेल स्पॅममध्ये का जातात, या प्रश्नाचे उत्तर असे की या नोंदी पाठवणाऱ्याची केवळ ओळख पटवतात. पत, म्हणजे मेलसेवांचा त्या डोमेनवरचा विश्वास, मात्र मेल मिळणारे लोक त्याचे काय करतात यावरून ठरत जाते. म्हणून पहिले काही आठवडे, मेल उघडतील आणि शक्यतो उत्तरही देतील अशा मोजक्याच लोकांना पाठवून संख्या हळूहळू वाढवावी. विकत घेतलेली यादी वापरणे म्हणजे, माझ्या मते, डोमेन जन्मतःच बुडवणे होय, कारण अशा याद्यांत बंद पडलेले पत्ते तर असतातच, शिवाय स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेले पत्तेही असू शकतात. जीमेलला दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना तर २०२४ पासून स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते.