पीएम २.५ बघून धावायची वेळ कशी ठरवायची?

पायवाट:
हिवाळ्यात पहाटे साडेपाचला पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण) घनमीटरला ९० मायक्रोग्रॅम आणि सकाळी अकराला ४० दिसतं. पहाटेची हवा स्वच्छ असते ना? की सेन्सर चुकतोय? एन९५ लावून अर्धा तास धावलं तर चालेल का?

कणमोजणी:
सेन्सर थोडा चुकत असेल, पण पहाटेची हवा खरंच वाईट असते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवाही निवते, वर उबदार थराचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. ऊन चढलं की हवा घुसळते, आकडा उतरतो.
स्वस्त लेझर सेन्सर दमट हवेत जास्त दाखवतात, कारण कण पाणी शोषून फुगतात. धुक्याच्या दिवशी जवळच्या सरकारी केंद्राचा आकडा ताडून बघा. तासाचाच बघा, २४ तासांच्या सरासरीवरून आत्ताची हवा कळत नाही.

दमसास:
बसल्या जागी मिनिटाला साधारण ८ लिटर हवा आत जाते, जोरात धावताना ७०. म्हणजे ९० च्या हवेत अर्ध्या तासात बसून २२ मायक्रोग्रॅम, धावून १९०. शिवाय तोंडाने श्वास सुरू झाला की नाकाची गाळणी गेलीच. अशा दिवशी नाकाने श्वास पुरेल इतकाच वेग ठेवा, इंटरव्हल (आलटून-पालटून जोरात आणि सावकाश धावणं) दुसऱ्या दिवशी. वर्दळीच्या रस्त्यापासून २००-३०० मीटर आत गेलात तरी वाहनांचा ताजा धूर बराच टळतो.
एन९५ कण अडवतो, पण ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड हे वायू सरळ आत येतात. घामाने भिजला की श्वास ओढायला जोर लागतो, आणि दाढीवर तो नीट बसतच नाही. भरभर चालायला ठीक, धावायला त्रासाचा. कापडी मास्कचं तर नावच नको.

पायवाट:
मग उन्हाळ्यातही अकरालाच?

कणमोजणी:
नाही, तेव्हा उलट! वाहनांच्या धुरातल्या वायूंवर कडक ऊन पडून ओझोन तयार होतो, तो दुपारी चढतो. उन्हाळ्यात सकाळी लवकरच आटपा. दीर्घ श्वास घेताना खोकला आला किंवा छाती आवळली तर तिथेच थांबायचं. दमा असेल आणि व्यायामाआधी इनहेलर घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर तो १०-१५ मिनिटं आधी घ्या.

दमसास:
ट्रेडमिलवाल्यांसाठी: नुसती खिडकी लावून भागत नाही, बारीक कण फटींतून येतात. हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) प्युरिफायर अर्धा तास आधी सुरू करा.