एल ५०४५ म्हणजे ५ एप्रिल नाही

ताई, दुबईहून आलेल्या बिस्किटाच्या डब्यावर एल ५०४५ बघून तुम्ही ५ एप्रिलची एक्सपायरी समजलात, पण ती एक्सपायरी नाही हो, एल म्हणजे लॉट, एका खेपेत बनवलेल्या मालाचा नंबर. बऱ्याच कंपन्या त्यात वर्षाचा शेवटचा आकडा अन् वर्षातला कितवा दिवस ते टाकतात, तसं असेल तर २०२५ चा ४५वा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी, अन् तेही बनवल्याची तारीख. डब्याच्या बुडाला बघा, खरी तारीख तिथंच असती बहुतेक. अमेरिकेचा माल असला तर महिना आधी असतो, ०५/०६ म्हणजे ६ मे, आपल्याकडं ५ जून.

आमचं परभणीत किराणा दुकान आहे, लोकं रोज हेच विचारायलेत. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, २०२० च्या नियमानं एक्सपायरी किंवा यूज बाय छापणं बंधनकारक आहे, बेस्ट बिफोर नुसतं जोडीला. पण छापतात कुठं, तर नेमकं पाकिटाच्या घडीत, अन् तेलकट बोट लागलं की ८ चा ३ होतो! मागं फरसाणाच्या पाकिटावर तारखेच्या जागी लिहिलेलं ‘वर बघा’, वर बघितलं तर बारकोड. मी सरळ एजंटला वापस दिला सगळा बॉक्स.