गोळ्या पोहोचल्या, पण दुखणे थांबले का? आफ्रिकेतील एचआयव्हीग्रस्तांसाठी पॅलिएटिव्ह केअर

निशिगंध :

आफ्रिकेतील एचआयव्हीचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा गोळ्यांच्या किमतीशी येऊन थांबते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण वर्षाला १०,००० डॉलरच्या घरात जाणारा तीन औषधांचा उपचार २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला, तेव्हापासून तो तिथल्या गरिबांच्या आवाक्यात येऊ लागला. मात्र विषाणू आटोक्यात ठेवणे आणि माणसाचे दुखणे थांबवणे, म्हणजेच वेदना हलकी करणारी पॅलिएटिव्ह केअर, ही दोन वेगळी कामे आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे २९८ टन मॉर्फिनसदृश तीव्र वेदनाशामक औषधांपैकी अल्प उत्पन्न गटातील देशांना जेमतेम ०.१ टन मिळते.

याला सन्माननीय अपवाद युगांडाचा. डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी १९९३ मध्ये कंपाला येथे ‘हॉस्पिस आफ्रिका युगांडा’ हे असाध्य रुग्णांच्या शुश्रूषेचे केंद्र (हॉस्पिस) सुरू केले आणि मॉर्फिनची पावडर पाण्यात विरघळवून तयार केलेले, रुग्णाला घरीच तोंडावाटे घेता येईल असे स्वस्त औषध रुळवले. पुढे २००४ मध्ये त्या देशाने खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना आणि क्लिनिकल ऑफिसरांना (डॉक्टर नसलेल्या, पण उपचार करणाऱ्या कर्मचाऱ्यांना) मॉर्फिन लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार दिला. जिथे डॉक्टरच नाही तिथे डॉक्टरच्या सहीची अट घालणे म्हणजे औषध नाकारणेच होय. म्हणून माझे म्हणणे असे की, हॉस्पिसच्या स्वतंत्र इमारती उभारत बसण्यापेक्षा जी परिचारिका एचआयव्हीच्या गोळ्या देते, तिलाच दुखण्याची चौकशी करण्याचे प्रशिक्षण आणि मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला जावा, आणि हे आफ्रिकेतील प्रत्येक एचआयव्ही दवाखान्यात व्हावे.

सह्यकडा :

निशिगंध यांच्या तळमळीविषयी आदर बाळगूनही मी असहमती नोंदवतो. २००४ च्या सुमारास एड्सने जगात वर्षाला सुमारे २१ लाख माणसे दगावत होती; २०२३ मध्ये हा आकडा ६.३ लाखांवर आला. हा फरक मॉर्फिनने पडलेला नाही, तो गोळ्यांनी आणि तपासण्यांनी पडला आहे. युगांडातील ‘टासो’ ही एड्सग्रस्तांना आधार देणारी संस्था किंवा झांबियातील चिकनकाटा येथील मिशन रुग्णालय यांनी १९८७ च्या सुमारास घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा सुरू केली, कारण त्या वेळी हाती दुसरे काही नव्हते. ते काम थोरच होते, परंतु आज विषाणूला रोखणारा उपचार उपलब्ध असताना तेच प्रारूप पुन्हा पुढे आणण्याचे कारण मला दिसत नाही.

शिवाय काळ कोणता आहे, हेही पाहावे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि ‘पेपफार’ या तिच्या एड्सविरोधी मदत योजनेच्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यांची घडी विस्कटली. अशा वेळी शिल्लक असलेला प्रत्येक शिलिंग ज्याचा जीव वाचू शकतो त्याच्यावर खर्च व्हावा, असे म्हणण्यात मला क्रूरपणा वाटत नाही.

कडुनिंब :

सह्यकडा यांच्या मांडणीत एक गृहीतक आहे : गोळ्या सुरू झाल्या की दुखणे संपते. प्रत्यक्षात आफ्रिकेत वर्षानुवर्षे सर्वाधिक वापरल्या गेलेल्या स्वस्त मिश्रणात स्टॅव्ह्युडीन हे औषध होते, आणि त्याने अनेकांच्या पायांच्या नसा कायमच्या दुखावल्या. तळपाय रात्रभर जळत राहतात, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला, तोवर लाखो लोकांनी ते घेतलेले होते. ज्या गोळीचा आपण अभिमान बाळगतो, तिच्यातूनच आलेले हे दुखणे आहे. त्यावर मॉर्फिनच हवे असेही नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखे जुने, स्वस्त औषध पुष्कळदा देऊन पाहिले जाते, परंतु त्याआधी पाय जळतात का, हे विचारणारे कोणीतरी असावे लागते.

दुसरी बाब गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये त्याचा धोका सुमारे सहापट असतो आणि गोळ्या नियमित घेणाऱ्या स्त्रीलाही तो होऊ शकतो. २०१६ मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयातील, म्हणजे अख्ख्या युगांडातील एकमेव, किरणोपचार यंत्र बंद पडले आणि नवे सुरू व्हायला दीड वर्षाहून अधिक काळ गेला. त्या काळात तिथे पोहोचलेल्या स्त्रियांना ‘ज्यांचा जीव वाचू शकतो अशांच्या’ यादीत धरायचे की नाही, हे सह्यकडा यांनी सांगावे.

रेवाकाठ :

मी दोन्ही बाजूंवर थोडी नाराज आहे. निशिगंध यांनी पैशांचा मुद्दा सोडून दिला आहे, पण एकेकाळी पैसा होता. २००३ च्या ज्या अमेरिकी कायद्याने ‘पेपफार’ सुरू झाले, त्यातच एकूण निधीपैकी १५ टक्के पॅलिएटिव्ह केअरसाठी असावेत अशी शिफारस होती. पण या नावाखाली प्रतिजैविकांपासून मच्छरदाण्या आणि पिण्याच्या स्वच्छ पाण्यापर्यंत बरेच काही बसवले गेले. या गोष्टी गरजेच्या होत्या हे मान्य, परंतु दुखणाऱ्या माणसाच्या उशाशी मॉर्फिनची बाटली मच्छरदाणीमुळे येत नाही.

आणि घरगुती शुश्रूषेच्या ज्या कामाला सह्यकडा थोर म्हणतात, ते कोण करत होते? बहुतांशी बायका, त्याही विनामोबदला. घरातले पाणी, शेती, नातवंडे सांभाळून, पुष्कळदा हातमोज्यांशिवाय. पॅलिएटिव्ह केअर ‘समाजाच्या सहभागातून’ उभी करावी असे अहवालांत फार सहज लिहिले जाते. तो सहभाग म्हणजे आजीबाईंचे फुकटचे श्रम असतील, तर अशी सेवा वाढवण्याला माझा विरोध आहे.

मॉर्फिनच्या व्यसनाची भीतीही हसण्यावारी नेऊ नये. कोडीन (मॉर्फिनच्याच वर्गातले द्रव्य) असलेल्या खोकल्याच्या औषधांवर नायजेरियाला २०१८ मध्ये बंदी घालावी लागली, आणि पश्चिम आफ्रिकेत अशा नशेच्या गोळ्या भारतातूनही गेल्या आहेत.

निशिगंध :

रेवाकाठ यांचा श्रमांविषयीचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि पगारी परिचारिकेचा आग्रह मी त्याच कारणाने धरतो. व्यसनाच्या मुद्द्यावर मात्र मतभेद आहे. नायजेरियातील समस्या खासगी व्यापारातून बाजारात आलेल्या गोळ्या-सिरपची होती. हॉस्पिसचे मॉर्फिन पातळ, कडू द्रावण असते आणि नोंदवहीत सही घेऊन मोजून दिले जाते. एकाच्या गैरव्यवहाराची शिक्षा दुसऱ्याच्या रुग्णाला का?

सह्यकडा :

कडुनिंब यांच्या प्रश्नाला उत्तर देतो. त्या स्त्रियांना मॉर्फिन मिळायलाच हवे होते, यात वाद नाही. माझा वाद क्रमाविषयी आहे. युगांडात परिचारिकेला हा अधिकार मिळण्यापूर्वी नऊ महिन्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पाच परिचारिकांच्या दवाखान्यातून एक नऊ महिने गेली, तर त्या काळात ज्यांची तपासणी लांबेल ती माणसेही उद्या तुमच्याच दारात, अधिक आजारी होऊन येतील. प्रशिक्षण लहान करा, कामावर असतानाच द्या, आणि त्या परिचारिकेचा पगार परदेशी अनुदानाऐवजी त्या देशाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात दाखवा; मग मी माझा विरोध मागे घेईन. तोपर्यंत नाही.

कडुनिंब :

कामावर असतानाच्या प्रशिक्षणाला माझी ना नाही. पण अर्थसंकल्पाची अट आपण गोळ्यांना कधी घातली होती? त्याही वीस वर्षे अनेक देशांत बहुतांशी परदेशी पैशावरच चालल्या.