कृमींवर अँटिबायोटिक: मातीत शोधत राहायचं की हातातलं औषध पोचवायचं?

रानमाती: अँटिबायोटिकने जंत मरत नाहीत, हे आपण शिकलो ते खरंच. पण हत्तीरोगाच्या आणि ऑन्कोसर्कायसिसच्या, म्हणजे 'नदीकाठच्या अंधत्वा'च्या कृमींच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. ते मेले की मादी वांझ होते आणि पुढे मरतेही. डॉक्सिसायक्लिनने हे जमतं, पण गोळ्या 4 ते 6 आठवडे, रोज. गरोदर बायका आणि 8 वर्षांखालची मुलं वगळावी लागतात ती वेगळीच. म्हणून नव्या औषधासाठी मातीतल्या जिवाणूंचा शोध थांबता कामा नये. मिक्सोबॅक्टेरिया या मातीतल्या जिवाणूंपासून मिळालेलं कोरॅलोपायरोनिन ए हे अँटिबायोटिक वोल्बाकियाला मारतं. आयव्हरमेक्टिन हे कृमींवरचं औषधही जपानी शास्त्रज्ञ सातोशी ओमुरांना मातीत सापडलेल्या जिवाणूमुळेच मिळालं ना?

साधीगोळी: माझं मत उलट आहे. नदीकाठच्या अंधत्वाच्या रुग्णाच्या कातडीचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा सलाइनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, कृमींची धाग्यासारखी पिल्लं वळवळत बाहेर येतात. खाज सुटते, डोळे जातात ते यांच्यामुळे, आणि आयव्हरमेक्टिन यांनाच मारतं. 1987 पासून ते फुकट मिळतंय. वर्षातून दोनदा गोळ्या वाटून कोलंबियाने 2013 मध्ये, मेक्सिकोने 2015 मध्ये हा रोग संपवला. कुठलं नवं अँटिबायोटिक लागलं त्यांना? पैसा आधी वाटपावर लावा.

रानमाती: पिल्लं मरतात, पण आई कातडीखालच्या गाठीत 10-15 वर्षं जिवंत राहते. तेवढी वर्षं वाटप चालू ठेवायचं, मध्ये युद्ध आलं तरी! आणि मध्य आफ्रिकेत लोआ लोआ हा दुसरा कृमी आहे. तो रक्तात खूप असताना आयव्हरमेक्टिन दिलं तर मेंदूवर परिणाम होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, दगावूही शकतो. लोआच्या अंगात वोल्बाकिया नसतात, त्यामुळे अँटिबायोटिक त्याला डिवचत नाही. या लोकांना काय सांगायचं, थांबा?

साधीगोळी: लोआचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. तिथे नवं औषध हवंच. बाकी ठिकाणी मात्र मी वाटपाच्याच बाजूने.

तिसरीबाजू: मला भीती रेझिस्टन्सची, म्हणजे जिवाणू औषधाला दाद देईनासे होण्याची वाटते. कोरॅलोपायरोनिन जिवाणूचं आरएनए पॉलिमरेज हे जगायला लागणारं एन्झाइम बंद पाडतं, क्षयावरचं रिफाम्पिसिनही तेच करतं. गावंच्या गावं अँटिबायोटिकवर ठेवायची?

रानमाती: एन्झाइम एकच, पण दोघांची चिकटायची जागा वेगळी. तरी सरसकट वाटपाला माझाही विरोध आहे. तपासून, ज्याच्या अंगात कृमी सापडेल त्यालाच द्यावं, आणि कोर्स आठवड्या-दोन आठवड्यांत संपणारा हवा. शोध त्यासाठीच हवाय.