मदत हवी आहे: गाढविणीचे वाढलेले खूर कोण तासून देईल?

नमस्कार मंडळी. फलटणजवळ आमच्या शेतावर आम्ही जखमी जनावरं सांभाळतो. गेल्या आठवड्यात वीटभट्टीवरची एक गाढवीण आली, सोबत चार महिन्यांचं शिंगरू. हंगाम संपलेला, तिला धड चालवत नव्हतं, मालकानं आपणहून सोडली.

पाठीवरची जखम भरतेय. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. खरा घोर पुढच्या खुरांचा आहे. टोकं जुन्या काळच्या जोड्यांसारखी वर वळलीत, ती टाचेवर भार टाकून चालते. डाव्या खुराच्या तळाला अंगठ्यानं दाबलं की पाय झटकन ओढून घेते. गाढव दुखणं सहसा दाखवत नाही, म्हणून हे बघून जीव कळवळतो. इथले डॉक्टर गाई-म्हशींचे. त्यांनी सरळ सांगितलं, हे काम मी केलेलं नाही. घोड्यांचा नालबंद मिळतोय, पण गाढवाचा खूर घोड्यापेक्षा उभट असतो, त्यामुळे धीर होत नाही.

बारामती, सातारा, पुणे भागात गाढवांच्या खुरांचा अनुभव असलेलं कुणी माहीत आहे का? एवढे वाढलेले खूर एकदम कापावेत की थोडे थोडे? आधी एक्स-रे काढावा का?

अजून एक. परवा शिंगरू तासभर वेगळं बांधलं, तर तिनं गव्हाच्या काडाला तोंडच लावलं नाही. गाढवानं खाणं सोडलं की रक्तात चरबी वाढून जिवावर बेततं, म्हणून लगेच परत जवळ आणलं. खूर तासताना शिंगरू शेजारीच ठेवलं तर चालेल ना?