मदत हवी आहे: गावच्या घराची नासधूस आणि शेजाऱ्यांचा त्रास. एनसी, मोजणी, कॅमेरे

कौलारू_घर:
रत्नागिरी जिल्ह्यात गावी आमचं घर आणि त्याला लागून दहा गुंठ्यांची हापूसची बाग आहे. सत्तरी ओलांडलेले आईवडील तिथे राहतात, आम्ही भावंडं पुण्यात. पूर्वेच्या हद्दीवर चिऱ्याचा जुना गडगा (दगडी कुंपण) आहे. तो आम्ही त्यांच्या जागेत सरकवलाय, असं शेजाऱ्यांचं म्हणणं. गणपतीनंतर गडग्याचे चिरे ढासळवणं, पंपाची केबल कापणं, फाटकाच्या कुलपात फेविक्विक, रात्री कौलांवर दगड, हे सगळं सुरू झालंय. आता हापूसच्या दोन कलमांची साल बुंध्याभोवती गोल तासलेली आढळली. करताना कोणाला पाहिलेलं नाही. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशा गुन्ह्याची नोंद) घेतली आणि कोर्टात जायला सांगितलं.

एनसीच्या पुढे काय? मोजणी आधी करावी की दावा? कॅमेरे कसले लावावेत? आणि कलमं वाचतील का?

मोरचूद:
कलमांचं आधी, कारण तिथे दिवस मोजके आहेत. जखमेला हात लावण्यापूर्वी टेप धरून फोटो काढा आणि कृषी सहायकांना बोलावून पंचनामा करून घ्या. झाडाचं वय, घेर आणि उत्पन्न त्यात आलंच पाहिजे. नुकसानीचा आकडा पुढे त्यावरच ठरतो.

मग जखम नीट बघा. सालीची तीन-चार बोटांची पट्टी जरी शाबूत असेल तर झाड तगण्याची चांगली आशा आहे. पूर्ण कडं लाकडापर्यंत तासलेलं असेल तर मुळांना अन्न पोचत नाही. पानं मात्र काही महिने हिरवी राहतात, त्यामुळे लोक गाफील राहतात आणि वेळ जाते. अशा वेळी सेतू कलम करतात: त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या घ्यायच्या, जखमेपेक्षा दोन-तीन इंच लांब. दोन्ही टोकं पाचरीसारखी तासून जखमेच्या खालच्या आणि वरच्या सालीत बसवायची, बारीक खिळ्यांनी पक्की करायची आणि मेण लावायचं. दर दोन-तीन इंचांवर एक काडी. काडीचं वरचं टोक वरच हवं, उलटी बसली तर जगत नाही. कलमं बांधणारा जाणकार माणूसच लावा.

उरलेल्या उघड्या लाकडाला बोर्डो पेस्ट: मोरचूद (कॉपर सल्फेट) १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. अर्ध्या-अर्ध्या पाण्यात दोन्ही वेगवेगळं, प्लास्टिकच्याच बादलीत भिजवायचं आणि मग एकत्र करायचं. लोखंडी सुरी बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

दिवाणी_फौजदारी:
एनसीवर प्रकरण थांबत नाही. नुकसानीचा गुन्हा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४. नुकसान एक लाखाच्या आत असेल तर तो अदखलपात्र, म्हणून तुम्हाला एनसी मिळाली. एक लाख किंवा जास्त असेल तर दखलपात्र. वेगवेगळ्या रात्रींचं नुकसान एकत्र बेरीज करून लाख दाखवायला जाऊ नका, ते टिकत नाही. प्रत्येक घटना स्वतंत्र लिहा.

पण तुमच्या प्रकारात दुसरा गुन्हाही आहे. कलमं तासायला आणि केबल कापायला कोणीतरी तुमच्या आवारात शिरलं. तो फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा, कलम ३२९, आणि तो दखलपात्र आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असेल तर सगळं प्रकरण दखलपात्र धरतात. म्हणून तक्रारीत 'नुकसान केलं' एवढंच लिहू नका. 'अमुक रात्री, अमुक वेळेच्या दरम्यान, आमच्या हद्दीत प्रवेश करून' असं लिहा. पाहिलेलं नाही तर 'अज्ञात इसम' लिहा. संशय असेल तर कारणांसह वेगळ्या परिच्छेदात. न पाहता नाव ठोकून दिलंत तर तीच तक्रार तुमच्यावर उलटते.

ठाण्यात घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने, पोच जपून (कलम १७३(४)). त्यानंतरही हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सोबत कलम १२६ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ च्या चॅप्टर केससाठी, अर्ज द्या. त्यात शांतता राखण्याचा बंधपत्र एक वर्षापर्यंत घेता येतो. मात्र पोलीस पुष्कळदा दोन्ही बाजूंना नोटीस काढतात, आईवडिलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे कागद आल्यावर घाबरणार नाहीत. पोलीस पाटलांना प्रत्येक घटनेची लेखी प्रत द्या.

गुंठेवारी:
मोजणी आधी. हद्दच वादात असेल तर 'आमच्या हद्दीत शिरले' यालाही समोरचा आव्हान देतो, आणि मनाई हुकूम मागताना वकील पहिली 'क' प्रतच (मोजणीच्या नकाशाची प्रत) मागतील. अर्ज ऑनलाइन किंवा उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात. ताजा ७/१२ आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते बरोबर द्या. नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली की मोजणी लटकते. शेजारी हजर राहिले नाहीत किंवा सही केली नाही म्हणून मोजणी रद्द होत नाही, भूकरमापक तशी नोंद करतात. पटलं नाही तर त्यांनी निमताना मोजणी (वरिष्ठांकडून फेरमोजणी) मागायची.

घर गावठाणात असेल तर ७/१२ नसेल, मालमत्ता पत्रक लागेल. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, त्यावर मालकी ठरत नाही. आणि मोजणी होईपर्यंत गडग्याचा एक चिराही परत रचू नका. आहे त्या स्थितीचे फोटो काढा. नवीन रचलेला गडगा म्हणजे शेजाऱ्यांच्या हातात आयता मुद्दा.

बारा_व्होल्ट:
सौर-बॅटरीवरचे कॅमेरे हालचाल जाणवल्यावर जागे होतात, पहिले काही सेकंद निसटतात आणि दगड तेवढ्यात पडलेला असतो. वीज आहे तर सलग रेकॉर्डिंगच हवं. ४ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तर रोज सुमारे ४३ जीबी, म्हणजे १ टीबी डिस्कवर साधारण २३ दिवस.

फाटकावर ६ मिमी लेन्स घ्या. २.८ मिमीने अंगण सगळं दिसतं, पण लांबून चेहरा ओळखू येत नाही. उंची दहा फूट, आणि दोन कॅमेरे एकमेकांना दिसतील असे. पागोळीच्या अगदी खाली किंवा भिंतीला चिकटून लावला तर रात्री इन्फ्रारेडचा उजेड परत येतो आणि चित्र पांढरं पडतं. कोळ्याच्या जाळ्यानेही तेच होतं, दर आठवड्याला पुसा. शेजाऱ्यांच्या खिडक्या-अंगण चित्रात येऊ देऊ नका, नाहीतर उलटी तक्रार होईल. सेटिंगमध्ये तेवढा भाग झाकता येतो.

रेकॉर्डरचं घड्याळ रोज इंटरनेटवरून जुळेल असं ठेवा. लाइट गेल्यावर जुनी तारीख दाखवणारं फुटेज वकील पाच मिनिटांत खोडून काढतात. घटना घडली की क्लिप उतरवाच, पण मूळ डिस्कही जपा. कोर्टात साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लागते.

कौलारू_घर:
खूप आभार सगळ्यांचे. कृषी सहायक उद्या येतायत. वडील म्हणतायत, तोवर रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडू. काय सांगू?

बारा_व्होल्ट:
अजिबात नाही. घरातला २३० व्होल्टचा करंट तारेत सोडला तर जीव जातो, शेजारचं पोर असो की चुकलेलं जनावर, आणि मनुष्यवधाचा गुन्हा तुमच्या वडिलांवर लागतो. तोवर फाटकाशी आणि मागच्या दाराशी हालचालीवर लागणारे २० वॅटचे दोन एलईडी फ्लड लावा. पंपाची केबल जमिनीखाली दीड-दोन फूट, एचडीपीई पाइपातून घ्या, आणि स्टार्टरची पेटी घरात. फाटकाला कुलपाऐवजी आतून अडसर. रात्री आवाज आला तर वडिलांनी बाहेर पडायचं नाही. दिवे लावायचे आणि ११२ फिरवायचा. त्या कॉलची नोंद राहते.

दिवाणी_फौजदारी:
११२ च्या प्रत्येक कॉलची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवायला सांगा. १२६ च्या अर्जाला ती यादी जोडा.